दुसऱ्या बेसवरचं ‘काय गं?’

अंपायरनं पाहिलेलं सगळंच बोलायचं नसतं, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. सॉफ्टबॉलच्या अंपायरिंगच्या परीक्षेला बसले होते. तोंडी परीक्षेत एका वयस्क परीक्षकांनी विचारलं, धावणारी खेळाडू मधला एक बेस चुकवून पुढे गेली आणि ते तुम्ही स्वतः पाहिलंत, तर काय कराल? मी म्हणाले, आउट देईन. ते हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, काहीच करायचं नाही. समोरच्या टीमनं अपील केलं तरच हात वर करायचा. नाही केलं तर तुम्ही काही पाहिलेलंच नाही.

परीक्षा पास झाले, पण ते उत्तर डोक्यात अडकून राहिलं. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका रंगांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिथं नमुन्यात काही वेगळं दिसलं आणि मी ते लिहिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावतील. रविवारी मैदानावर मात्र दिसलेलं गिळायचं. सुरुवातीला याची मला गंमत वाटायची, मग सवय झाली. आठ वर्षांत असे चुकलेले बेस मी पाच-सहा वेळा तरी पाहिले असतील. एकदाही कुणी अपील केलं नाही. मी गप्प राहिले, रन लागले, मुली घरी गेल्या.

सॉफ्टबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. तीन कोपऱ्यांवर कॅनव्हासच्या पांढऱ्या बॅगा, जाड उशीएवढ्या, आणि चौथ्या कोपऱ्यावर होम प्लेट. बॅटिंग करणारी बॉल मारते आणि धावत सुटते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला पाय लावून परत होमला आली की एक रन. पाय प्रत्येक बेसला लागला पाहिजे, क्रमानं. जळगावकडच्या आमच्या शाळेत मुलींसाठी बॅट-बॉलचा हाच एक खेळ होता, म्हणून मी तो खेळले. लग्नानंतर नव्या मुंबईत आल्यावर खेळ सुटला तो सुटलाच. पुढे मुलगा मोठा झाल्यावर अंपायर म्हणून मी मैदानात परत शिरले.

गेल्या जानेवारीत नेरूळला शाळांच्या मुलींची स्पर्धा होती. मी शिरवण्यात भाड्यानं राहते, मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर. फायनल वाशीच्या एका शाळेची आणि उरणच्या एका शाळेची. वाशीच्या मुलींच्या किट बॅगा एकसारख्या होत्या, पाठीवर नावं छापलेली. त्यांचे कोच तरुण, उंच, बोलायला चटपटीत. उरणच्या मुलींबरोबर त्यांच्या खेळाच्या बाई होत्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या असाव्यात, कारण प्रत्येक इनिंगनंतर त्या सगळ्या मुलींना पाणी प्यायलंत का असं विचारत होत्या. उरणकडे ग्लोव्हज कमी पडत होते. तीन-चार मुली फिल्डिंगला जाताना वाशीच्या मुलींचे ग्लोव्हज मागून घेत आणि इनिंग संपली की परत नेऊन देत. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांमध्ये हे नेहमीचं आहे, कुणाला त्यात काही वाटत नाही.

अंपायर आम्ही दोघं. होम प्लेटमागे एक निवृत्त क्रीडाशिक्षक होते, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. तीस वर्षं अंपायरिंग केलेला माणूस. बेसकडे बघायला मी.

उरणच्या टीममध्ये राइट फील्डला, म्हणजे उजवीकडे लांब, एक मुलगी होती, नववीतली असेल. अंगानं लहान, टोपी डोक्याला मोठी, सारखी मागे सारत होती. राइट फील्डला शाळेच्या टीम बहुतेक वेळा जिला कॅच नीट येत नाही तिला उभं करतात, कारण उजव्या हातानं खेळणाऱ्या मुलींचे फटके डावीकडे जातात आणि उजवीकडे फारसं काही येत नाही. तिच्याकडेही सहा इनिंगमध्ये एकही बॉल आला नव्हता. तिच्या हातातला ग्लोव्ह वाशीच्या सगळ्यात वेगवान मुलीचा होता. त्या दोघींची देवाणघेवाण मी प्रत्येक इनिंगला पाहत होते. एक टाकायची, दुसरी झेलायची, आणि ती झेलताना अडखळली की दोघी हसायच्या.

सातवी इनिंग शेवटची. स्कोअर चार-चार. वाशीची बॅटिंग, दोन आउट झालेल्या, तिसरी झाली की इनिंग संपते, आणि ती वेगवान मुलगी पहिल्या बेसवर. एक रन झाला की वाशी जिंकणार. पुढच्या मुलीनं बॉल असा मारला की तो लेफ्ट आणि सेंटरच्या फिल्डरांच्या मधून जमिनीवर पडून दूर पळाला. दोन आउट असल्यामुळे पहिल्या बेसवरची मुलगी मागेपुढे न बघता निघाली. बेसवरची अंपायर बॉलकडे बघत नाही, पायांकडे बघते. मी तिच्या पायांकडे बघत होते. दुसऱ्या बेसला वळसा घालताना तिचा डावा पाय बॅगेच्या आतल्या बाजूला मातीत पडला. पुढचं पाऊल बॅगेच्या पलीकडे. बॅगेला पाय लागलाच नाही.

ती तिसऱ्या बेसला व्यवस्थित पाय लावून होमला पोचली. उरणच्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या मुलीच्या, हातात बॉल आला तेव्हा उशीर झाला होता. तिनं रागानं बॉल खाली टाकला आणि तो गडगडत दुसऱ्या बेसच्या मागे गेला. वाशीच्या मुली मैदानात धावत आल्या. त्यांनी त्या मुलीला उचललं. उरणच्या मुली माना खाली घालून त्यांच्या बाईंकडे निघाल्या. सरांनी तोंडावरचा मास्क काढला, मैदानाच्या कडेच्या लाइनपाशी जाऊन उभे राहिले आणि मला हाक मारली, “चला मॅडम.”

माझा पाय निघालाच होता. आम्ही दोघं मैदानाबाहेर पडलो की अपील करायची मुदत संपते आणि सामना संपतो. तेवढ्यात मला दिसलं की उरणची एक मुलगी मैदानातच आहे. ती राइट फील्डवाली. थ्रो कुणाच्या हातून सुटलाच तर अडवायला म्हणून ती दुसऱ्या बेसच्या जवळ आली असावी. तिनं तो टाकलेला बॉल उचलला, बेसपाशी आली, बॅगेवर एक पाय ठेवला आणि खाली बघत उभी राहिली. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

अपील कसं करायचं याचे नियम आहेत. बॉल हातात घेऊन चुकलेल्या बेसवर पाय ठेवायचा आणि अंपायरला कळेल असं सांगायचं, किंवा कृती तरी अशी करायची की तिचा दुसरा अर्थ निघू नये. अंपायरनं सुचवायचं नाही. चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. या मुलीच्या हातात बॉल होता, पाय बॅगेवर होता, आणि ती गप्प होती. मीही गप्प. अर्धं मिनिट गेलं असेल. मागे वाशीच्या मुली ओरडत होत्या. सरांनी पुन्हा हाक मारली. मुलगी परत खाली बघायला लागली, मग परत माझ्याकडे.

“काय गं?” मी म्हणाले.

“तिचा पाय नाय लागला इथं,” ती म्हणाली.

मी मूठ वर केली आणि आउट दिलं.

पुढची पाच मिनिटं कुणालाच काही कळत नव्हतं. आधी वाशीच्या मुलींना समजलंच नाही की आउट कोण. मी दुसऱ्या बेसकडे आणि मग त्या मुलीकडे हात करून दाखवलं. तिला तिच्या मैत्रिणींनी अजून खांद्यावर धरलेलं होतं, तिला हळूच खाली ठेवलं गेलं. तिसरी आउट, तीही तिचीच, म्हणजे रन रद्द. स्कोअर पुन्हा चार-चार. उरणच्या मुली उड्या मारत परत आल्या आणि त्या लहान मुलीभोवती गोळा झाल्या. ती मात्र मधे उभी राहून पाठमोऱ्या त्या वाशीच्या मुलीकडे बघत होती.

वाशीचे कोच माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही, पण रागावले होते. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर होतं. मॅच संपलेली होती, मोठे सर लाइनपर्यंत गेले होते. आणि त्या मुलीनं अपील केलंच नव्हतं, ती नुसती उभी होती, मीच तिला बोलतं केलं, हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. त्यांनी लेखी तक्रार केली. आम्ही सगळे मंडपातल्या टेबलापाशी गेलो. तिथं स्पर्धा भरवणारे एक शिक्षक होते, स्कोअर लिहिणारी बाई होती, आणि नियमाचा अर्थ लावायचा अधिकार सरांचा.

सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, तुम्ही तिला काही बोललात?”

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझे शब्द त्या मुलीशिवाय कुणी ऐकले नव्हते.

“हो,” मी म्हणाले. “काय गं, असं म्हणाले.”

“म्हणजे तुम्ही विचारलंत,” कोच म्हणाले.

“हो, विचारलं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मला आणखी चार प्रश्न विचारले. मुलगी बेसवर येऊन किती वेळ झाला होता, बॉल तिच्या हातात होता का, पाय बॅगेवर होता का, मी बोलायच्या आधी ती माझ्याकडे बघत होती का. मी जे होतं ते सांगितलं. सर म्हणाले की बॉल घेऊन बॅगेवर पाय ठेवून अंपायरकडे बघत राहणं ही कृती पुरेशी आहे, मॅडमचा शब्द त्यानंतरचा आहे. आणि एक अंपायर मैदानात असेपर्यंत मुदत संपत नाही. आउट कायम.

कोचनी मान हलवली आणि गेले. मंडपाच्या कडेला त्यांनी त्या धावलेल्या मुलीला विचारलं, लागला होता ना पाय? तिनं सांगितलं, लागला असं वाटलं सर. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आठवी इनिंग खेळायचं ठरलं. उरणनं एक रन केला. मग वाशीची बॅटिंग आली तेव्हा ती राइट फील्डवाली मुलगी रिकाम्या हातानं मैदानात निघालेली मला दिसली. ग्लोव्ह मागायला जायचं तिला धाडस झालं नसावं. ती अर्ध्या वाटेत असताना मागून हाक आली. वाशीच्या त्या मुलीनं ग्लोव्ह टाकला. या वेळी कुणी हसलं नाही, पण टाकला.

त्या इनिंगमध्ये वाशीच्या दोन मुली बेसवर असताना, दोन आउट झालेल्या असताना, आख्ख्या सामन्यात पहिल्यांदा बॉल राइट फील्डला गेला. उंच उडालेला, सोपा. ती मुलगी त्याच्या खाली बरोबर आली. बॉल ग्लोव्हमध्ये पडला आणि बाहेर आला. दोघी होमला पोचल्या आणि वाशी सहा-पाच जिंकली. या वेळी सगळ्यांचे पाय सगळ्या बेसना लागले होते, मी नीट पाहिलं.

उरणच्या मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. अर्ध्या तासापूर्वी जिला त्यांनी मिठ्या मारल्या होत्या ती एका बाजूला बसून बुटाची नाडी सोडत होती आणि बांधत होती. त्यांच्या बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

हात मिळवून झाल्यावर वाशीची ती मुलगी माझ्यापाशी आली. मला वाटलं वाद घालेल. तिनं हळू आवाजात विचारलं, “मॅडम, खरंच नव्हता लागला?”

“नव्हता. आतल्या बाजूला पडला.”

“मला कळलंच नाही,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

संध्याकाळी चहा पिताना सरांनी मला सांगितलं की निर्णय बरोबर होता, शब्द मात्र जास्तीचा झाला. पुढच्या वेळी तोंड मिटून ठेवा. मी म्हटलं, ठेवीन. त्यांनी विषय संपवला. माझा संपला नाही.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. त्या मुलीनं अपील केलं होतं का? सरांनी केलं म्हणून ठरवलं, पण ते माझ्या सांगण्यावरून. मी ‘काय गं’ म्हणाले नसते तर ती बोलली असती का? आणि नसती बोलली, तर तो कॅच तिच्याकडे आलाच नसता, ती चार-पाचच्या सामन्यात हरलेल्या नऊ जणींतली एक म्हणून घरी गेली असती. लॅबमध्ये एखाद्या नमुन्याचा आकडा जुळला नाही की मी तो तीनदा करते. हा आकडा मला जुळत नव्हता आणि परत करता येत नव्हता. मी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. ओळखीच्या दोन अंपायरना फोन केला. एक म्हणाला, तू विचारलंस तिथं ते अपील बाद. दुसरी म्हणाली, आम्ही तर नेहमी विचारतो, लहान मुलींना नियम कुठं माहीत असतात. नवऱ्यानं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग जेवताना पेपर वाचायला सुरुवात केली.

माझ्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात. मी त्यांना काकी म्हणते. शिरवण्यातल्याच, जन्मापासून. त्यांच्या सासऱ्यांची शेती होती तिथं आता आमची बिल्डिंग आहे आणि शेजारच्या दोन. एका संध्याकाळी त्या दारात सुकट निवडत बसल्या होत्या, मी जिन्यावर टेकले आणि सगळं सांगितलं. बेस, बॉल, नियम, सगळं समजावत. त्यांनी मधे एकदाच विचारलं, पोर कुठली? उरणची, मी म्हणाले. त्यांचं माहेर तिकडचंच.

ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाय, तू सगल्यांना इचारलंस. त्या पोरीला इचारलंस का?”

“नाही.”

“मंग तिलाच इचार ना. तिच्या मनान काय व्हतं ते तिलाच म्हाईत.”

मला आधी हे सुचलंच नव्हतं. अंपायरनं खेळाडूला जाऊन विचारायचं, हे कुठल्या नियमात बसत नाही, कदाचित म्हणूनच. मी उरणच्या बाईंचा नंबर मिळवला. त्यांना वाटलं मी तक्रार करायला फोन केलाय, त्यामुळे पहिली दोन मिनिटं त्या मला मुलींची बाजू सांगत होत्या. मग म्हणाल्या, या ना, शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकरानंतर आमची प्रॅक्टिस.

शनिवारी मी हाफ डे घेतला आणि नेरूळहून उरणची गाडी पकडली. त्यांचं मैदान शाळेच्या मागे होतं, एका बाजूला भिंत, भिंतीपलीकडे कंटेनर एकावर एक रचलेले. मुली बॉल टाकत-झेलत होत्या. ती मुलगी राइट फील्डलाच होती. बाईंनी तिला हाक मारली. मला बघून तिनं टोपी काढली आणि परत घातली.

आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. मी आधी शाळेचं, अभ्यासाचं विचारलं. ती एका शब्दात उत्तरं देत होती. मग मी सरळ विचारलं, त्या दिवशी तू बेसवर जाऊन उभी राहिलीस, ते अपील करायला का?

तिनं नाही म्हणून मान हलवली.

मग कशाला, मी विचारलं. तिनं सांगितलं ते असं. राइट फील्डला बॉल येत नाही. उभं राहून कंटाळा येतो. म्हणून ती धावणाऱ्या मुलींचे पाय बघत राहते. कोण कुठल्या पायानं बॅगेला लागते ते तिला पाठ झालंय. वाशीची ती मुलगी दुसऱ्या बेसला नेहमी उजवा पाय लावायची, त्या दिवशी डावा पुढे आला. तिला दिसलं की पाय बॅगेला लागला नाही. पण खात्री नव्हती. बाकी कुणीच काही बोलत नव्हतं, तेव्हा तिला वाटलं आपल्यालाच चुकीचं दिसलं असेल. मग तिनं विचार केला, बॅग पांढरी आहे, मातीचे बूट आहेत, पाय लागला असेल तर उमटला असेल.

“मी बघायला गेलते,” ती म्हणाली. “पाय उमटलाय का ते. बॉल असाच हातात व्हता. आनि तुमी जात नव्हता.”

“उमटला होता?”

“नाय. म्हनजे जुने व्हते एका कडेला. नवा नव्हता.”

सरांनी ज्याला कृती म्हटलं होतं, आणि मी चार प्रश्नांची उत्तरं देऊन ज्याला हातभार लावला होता, ते एका मुलीनं मातीचा ठसा शोधणं होतं. पाय बॅगेवर होता, कारण खाली बघताना तो तिथं टेकला होता. माझ्याकडे बघत होती, कारण मी तिच्याकडे बघत होते.

मी तिला विचारलं, मी बोलले नसते तर?

“मंग मी गेली असती. बॉल द्यायचा व्हता ना परत.”

कॅचबद्दल मला विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. तिनंच सांगितलं की मुली आता बोलतात, आठवडाभर नाही बोलल्या. वाशीच्या त्या मुलीनं बाईंच्या फोनवर मेसेज पाठवला होता, ग्लोव्हच्या एका बोटाची शिवण सैल आहे, तिच्याही हातून बॉल सुटतात. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली. शिवण सैल होती का खरंच, मी विचारलं. ती म्हणाली, नव्हती.

मग तिनं मला विचारलं, “मॅडम, तुमाला पन दिसलेलं ना?”

“हो.”

“मंग तुमी का नाय बोललात?”

मी तिला नियम सांगितला. परीक्षकांनी मला सांगितला होता तसाच. कुणी मागितलं तरच द्यायचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिनं पुन्हा खात्री करून घेतली की दिसलं तरी गप्प बसायचं, आणि कुणीच बोललं नाही तर रन धरायचा. मी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला हे पटलेलं नाही, पण त्यात काहीतरी बघण्यासारखं आहे असं वाटतंय.

“मंग मला ‘काय गं’ का म्हनलात?”

याचं उत्तर मी तीन आठवडे टेबलापाशी, फोनवर, जिन्यावर वेगवेगळं देत आले होते. मुलगी लहान आहे म्हणून, अपीलची भाषा तिला येत नाही म्हणून, न्याय व्हावा म्हणून. तिच्यासमोर बसून त्यातलं एकही खरं वाटेना.

“मला बघायचं होतं, तुलाही दिसलं का,” मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. हे तिला लगेच समजलं.

मी निघायच्या विचारात होते, तर ती म्हणाली, पाय लागला की उमटतोच का, हे बघूया का? तिला त्या दिवसापासून हे बघायचं होतं, पण प्रॅक्टिसमध्ये कुणी ऐकत नव्हतं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, करा, पण बॅग धुऊन ठेवायची. तिनं नळावरून बादली आणली, दुसऱ्या बेसभोवतीची माती ओली करून कोरड्या मातीत मिसळली, साधारण नेरूळच्या मैदानावर असते तशी. बॅग फडक्यानं पुसली. एकेक मुलगी पहिल्या बेसपासून धावत आली, बॅगेला पाय लावून पुढे गेली, आणि आम्ही दोघी वाकून बघायचो आणि पुसायचो. दहा-बारा वेळा केलं. बहुतेक वेळा ठसा उमटला. तीन वेळा पाय लागलेला आम्ही दोघींनी स्पष्ट पाहिला आणि बॅगेवर काहीच नव्हतं.

मुलगी उकिडवी बसून त्या कोऱ्या बॅगेकडे बघत राहिली.

“म्हनजे ठसा नव्हता म्हनून पाय नव्हता, असं नाय,” ती म्हणाली.

“नाही. पण आपण पाय पाहिला होता.”

“हां. पाहिला व्हता.” तिनं थोडा विचार केला. “आता तुमी धावा.”

मी नाही म्हणाले. मी सेहेचाळीस वर्षांची, पायात ऑफिसचे बूट. मुली हसायला लागल्या, बाई पण. मग मी पर्स भिंतीशी ठेवली आणि पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिले. शाळेत असताना मी बरी धावायचे. कुणीतरी टाळी वाजवली आणि मी सुटले. वळताना बॅग नजरेखालून गेली, पायाखाली काहीतरी लागल्यासारखं झालं, आणि मी तिसऱ्या बेसच्या अर्ध्यात धापा टाकत थांबले.

“लागला ना?” मी ओरडून विचारलं.

ती बॅगेशी बसली होती. तिनं आधी बॅग बघितली, मग बाजूची माती. “नाय लागला मॅडम.”

मला वाटलं चेष्टा करतेय. मी परत जाऊन पाहिलं. बॅगेच्या आतल्या कडेला, ओल्या मातीत, माझ्या बुटाच्या टाचेचा ठसा होता आणि त्याच्या पुढचा ठसा बॅग ओलांडून गेलेला. मी शपथेवर सांगितलं असतं की पाय लागला.

बाईंनी मुलींना परत आपापल्या जागी जायला सांगितलं. ती बादली नळाशी ठेवून राइट फील्डकडे धावत गेली. मी भिंतीला टेकून बुटांची माती काढत बसले आणि हे वाशीच्या त्या मुलीला जाऊन सांगावं म्हणून तिची शाळा कोणत्या सेक्टरमध्ये आहे ते आठवायचा प्रयत्न करू लागले.